महालक्ष्म्या कोणाच्या घरी

अमरावती
८ जून २०२५

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा व्हिएतनाममधला फोटो पाहिला. मांडीवर मांजर, तेही दुसऱ्याचं. समोरच्या लीलाबाईंनी विचारलं, तुमची पुतणी तिकडे करते तरी काय? मी सांगितलं, दिवसा कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते आणि लोक फिरायला गेले की त्यांच्या घरात राहून घर राखते, म्हणून भाडं पडत नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे चौकीदारच झाली वं पोरगी! त्यांना त्या दिवशी मी चहा दिला नाही.

आता कामाचं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहून फोटो पाठवते. माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. महालक्ष्म्यांचा एवढा स्वयंपाक, चाळीस पानं, आता होत नाही. आपल्या घरात कधी खंड पडला नाही. मागच्या वर्षी पियुषला विचारलं, तर तो म्हणाला की प्रणालीला बँकेतून सवड नसते, अकोल्याच्या फ्लॅटमध्ये जमायचं नाही. पोटचा एकच, तो नाही म्हणाला. मग तू मनात आलीस. कॉलेजला होतीस तेव्हा माझ्याकडेच राहायचीस, महालक्ष्म्यांना साड्या तूच नेसवायचीस. वरची खोली रिकामी आहे, इंटरनेट घेऊन टाकू. ये आणि दोघींना सांभाळ. लेकीकडे देत नाहीत म्हणणाऱ्यांना मी बघून घेईन.

लोभ आहेच, तुझ्या अंगाला लागत नाही एवढंच.

तुझी मोठी आई,
सुभद्रा


दा नांग
१९ जून २०२५

ती. मोठ्या आईस,
सा. न. वि. वि.

लीलाबाईंना सांग, चौकीदाराला पगार मिळतो, मला नुसतं मांजर मिळतं.

तुला वाटतं मी बिनघराची आहे. तसं नाही वं. नव्या घरात गेले की मी आधी चहाचं भांडं शोधते, मग सकाळचं ऊन कुठे पडतं ते बघते. ही दोन सापडली की रात्री झोप लागते. पोर्तुगालमध्ये एका म्हातारीच्या अंगणात लिंबाचं झाड होतं, त्याला पाणी घालताना ते परक्याचं आहे असं कधी वाटलं नाही. इथे खालच्या मजल्यावरची बाई सकाळी भाताची पेज आणून देते आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहते. भाषा कळत नाही, पण दटावणं कळतं. हे सगळं मला आवडतं. लग्न होईपर्यंतचं खूळ नाही हे.

म्हणून सरळ लिहिते. मी अमरावतीला राहायला येणार नाही. महालक्ष्म्या घ्यायच्या तर दार हवं आणि दरवर्षी तेच हवं. ते माझ्याजवळ नाही. शिवाय खरं सांगू? देवीचा दोर करून मला खुंट्याला बांधायचा तुझा बेत दिसतो. चुकत असेन तर रागाव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
प्राजक्ता


अमरावती
२ जुलै २०२५

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

चुकली नाहीस. दोरच होता. माझ्या नावाने बोलावून तू येत नाहीस, म्हणून देवीच्या नावाने बोलावलं. आधी राग आला, लीलाबाईंकडे तुझ्या चुगल्याही केल्या. मग त्याच तुझी बाजू घ्यायला लागल्या.

आता ठरवलं. यंदा मी बसवते. तिसऱ्या दिवशी दोघींचे पितळी मुखवटे मोर्शीकडे नेऊन वर्धेच्या पात्रात सोडते. पियुषला गाडी घेऊन ये म्हटलं आहे. देवी कोणाच्या गळ्यात घालायची नसते. सासूबाईंनी माझ्या हातात दिल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, नाही म्हणायचं सुचलंही नव्हतं. तुला सुचलं, बरं झालं.

एक मात्र सांग. मांजराला एवढा जीव लावतेस आणि मालक आले की सोडून निघतेस. कसं जमतं?

जेवत जा. लोभ आहे.

मोठी आई


अकोला
१३ जुलै २०२५

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

हेच पत्र प्राजक्ताताईंनाही पाठवत आहे, कारण आपल्या घरात सगळ्यांना सगळं उशिरा कळतं.

यांनी काल गाडीच्या सर्व्हिसिंगचा विषय काढला. सप्टेंबरात नदीवर जायचं आहे म्हणाले. कोणत्या नदीवर, कशाला, असं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आई, मागच्या वर्षी मी नाही म्हटलंच नव्हतं. मले कोणी इचारलंच नाही! मला त्रास नको म्हणून यांनी परस्पर नाही सांगून टाकलं. माझं भलं करायला गेले. त्याबद्दल मी त्यांच्याशी सविस्तर बोलले आहे. आज ते स्वतःचा डबा स्वतः भरून ऑफिसला गेले.

राग तुमचाही आला. तुम्ही सातासमुद्रापार विचारलंत आणि जवळच्या पातूरची पोर इथे अकोल्यात बसली आहे, तिला एक फोन केला नाहीत. माझ्या माहेरी महालक्ष्म्या नव्हत्या. आम्ही शेजाऱ्यांकडे जेवायला जायचो आणि त्या उठल्या की मला रडू यायचं. माझ्याकडे याव्यात असं मला फार दिवसांपासून वाटतं. तुम्ही त्या प्राजक्ताताईंसाठी ठेवल्या आहेत असं वाटलं, म्हणून बोलले नाही.

मात्र चाळीस पानं होणार नाहीत, दहा होतील. पुरण यंत्रावर वाटेन. तुम्ही खुर्चीवर बसून चुका काढायच्या. पटत असेल तर मुखवटे नदीत सोडू नका, इकडे आणा.

आजवर होता त्याहून थोडा जास्त लोभ असावा.

आपली,
प्रणाली


तिबिलिसी
४ सप्टेंबर २०२५

ती. मोठ्या आईस,
सा. न. वि. वि.

जॉर्जियात पोचले. इथे घरात दोन कुत्री आहेत आणि शेजारणीचं नाव नाना आहे. हसू नकोस, इथे बाईचंच नाव असतं ते.

वहिनीचं पत्र वाचून हायसं वाटलं. दोर सुटला. मग दोन दिवस मी उगाच फणफणत होते. महालक्ष्म्या यंदाच अकोल्याला न्यायचं तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं, आणि माझ्यावाचून काही अडलं नाही याचं मला वाईट वाटलं. मीच नाही म्हटलं होतं, तरी वाटलं. पूजनाच्या दिवशी राहवेना. ज्वारीचं पीठ मिळालं नाही, मक्याच्या पिठाची आंबील केली. नानाबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या, वर मीठ कमी आहे असं खुणेने सांगितलं.

तू विचारलं होतंस, सोडून निघणं कसं जमतं. जमत नाही. दर वेळी विमानतळापर्यंत रडते. मग पुढच्या घरी जाऊन चहाचं भांडं शोधते.

एक विचारायचं आहे. पुढच्या वर्षी मी अकोल्याला आले, महालक्ष्म्यांपुरती, आणि लगेच परत गेले तर चालेल का? राहणार नाही, सांभाळणार नाही, फक्त येणार. लोक म्हणतील, आयत्या वेळी पाहुणी आली. वहिनीलाही तसंच वाटेल का, ते विचारून कळव. माझ्या वतीने परस्पर ठरवू नकोस!

लोभाची सवय झाली आहे, मोडू नकोस.

तुझी,
प्राजक्ता


अमरावती
१२ सप्टेंबर २०२५

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

कालच अकोल्याहून आले. सगळं छान झालं. प्रणालीने पावलं लिफ्टच्या दारापासून काढली. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकल्यासारखे उभे, रांगोळीवर पाय पडेल म्हणून बाहेर येईनात. शेवटी त्यांनाच पानावर बसवलं. पुरण जरा सैल झालं होतं. मी खुर्चीवरून बोलले, तर तिने मलाच दोनदा वाढलं. पियुष भांडी घासत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुझं विचारलं. परस्पर ठरवलं नाही, पत्र तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, ताईंना लिहा, साड्या नेसवायला कोणीतरी पाहिजेच, यंदा माझ्या निऱ्या सुटत होत्या.

आणि पाहुणीचं म्हणशील तर, महालक्ष्म्या किती दिवस राहतात वं? पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी निघतात. बाकी वर्षभर कुठे असतात, कोणाकडे उतरतात, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. तरी त्यांना कोणी पाहुणी म्हणत नाही, घरच्याच म्हणतात. हे मला तुला लिहायला बसल्यावर कळलं, तोवर मी तुझ्यावर उगाच चिडत होते.

तेव्हा ये, जेव आणि जा. लोभ आहे तसाच आहे.

तुझी मोठी आई,
सुभद्रा