मृत्युपत्र कोठीत ठेवले आहे

मी, पूर्वीचा हमाल, आता भाताच्या बियाण्याचे कोठार चालवणारा, गुडघ्यांतून गेलेला पण डोक्याने शाबूत, हे स्वखुशीने लिहीत आहे. दबाव आणून पाहिला गेला, जमला नाही. मी पेरणी बघेन असे डॉक्टर म्हणतात, पण तसे त्यांच्या आवाजात नाही.

१. राहते घर पत्नीचे. "आई, आमच्याकडे चल," असे गोड बोलून तिला कोणी बाहेर काढू नये.

२. वजनकाटा थोरल्याला, त्याचा कोणावरच विश्वास नाही. ताडपत्र्या धाकट्याला, झाकाझाक त्याला चांगली जमते. रस्त्यावर वाळत घातलेले भात निम्मे चाकांखाली आणि पाखरांच्या पोटात जाते, हे मी पोती वाहताना पाहिले. पिकलेले वाया जाऊ दिले नाही, एवढ्यावरच मी उभा राहिलो.

३. समोरच्या गोडबोल्या व्यापाऱ्याला माझ्या वर्षश्राद्धाला खुर्ची द्यावी, पण कोठाराकडे पाठ करून. "कोठी एकदा उघडून खात्री करा," असे दोन्ही मुलग्यांच्या कानात त्यानेच वेगवेगळे गाठून भरले.

४. आता पत्र्याची मोठी कोठी. भात कितीही निवडा, किडा आत जातोच. झाकण मेणाने बंद राहिले की हवा संपते आणि तो मरतो. गेल्या हंगामात मात्र बियाणे पोकळ निघाले, लोकांची शेते रिकामी राहिली. भिंतीपलीकडचे बोलणे मी ऐकले.

"दादा, तू झाकण काढलंस?"

"तू चोरतोस का ते बघायला काढलं. आणि तू?"

"तू चोरतोस का ते बघायला."

मुलगी म्हणाली, "वा. दोघांनी मिळून किड्यांना श्वास पुरवलात."

५. म्हणून हे पत्र यंदाच्या बियाण्यावर ठेवून झाकण लावत आहे. पत्र आत आहे आणि पेरणीलाच काढायचे आहे, एवढे तिन्ही मुलांना सांगितले आहे. काय लिहिले ते सांगितलेले नाही. मेण पुन्हा लावता येते, हे मला कळते. म्हणून मी मेणावर विसंबलेलो नाही.

वाचणाऱ्याने इथे थांबावे. सगळ्यांना गप्प करून भातात कान घालावा. शांत असेल, तर कोठार तिघांचे, सारख्या वाट्याने. किड्यांची कुरकुर ऐकू आली, तर एकट्या मुलीचे. कोणी उघडले, ते विचारत बसू नये.

साक्षीदार: डॉक्टर, मी शुद्धीवर असल्याबद्दल. लोहार, झाकण घट्ट बसल्याबद्दल. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांवर नजर ठेवून सह्या केल्या.

ठिकाण: कोठाराची पायरी.
दिनांक: यंदाची कोठी भरली तो दिवस.
सही: तुमचा बाप.