ह्यांच्या ठोक्यांचा ताळा

कडाव,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या चिमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भावोजींचा खोकला गेला का, आणि मी पाठवलेली कुळथाची पिठी संपली की अजून डब्यातच आहे, ते सविस्तर कळव. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे वाच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. (कागद कॅलेंडरचा आहे. फेब्रुवारी संपला, मागची बाजू कोरी होती, वाया कशाला घालवायची.) तर किरणने पुण्याहून त्याच्या बाबांसाठी मनगटावर बांधायचा एक पट्टा पाठवलाय. तो हृदयाचे ठोके मोजतो आणि आमच्या फोनला जोडलेला आहे. ठोके पडतात कडावला, आकडा दिसतो पुण्याला. जे यंत्र एवढं चुगलखोर, ते आपलं बोलणं ऐकत नसेल कशावरून? म्हणून हे पत्र पोपटच्या दुधाच्या टेंपोतून शिळफाट्याला येतंय. पाकीट भाताची शितं लावून चिकटवलंय. कडा ओलसर दिसल्या तर मला कळव, पोपटला दुसऱ्याच्या घरात फार रस.

महिन्यापूर्वी ह्यांना शेतात चक्कर आली होती, ते तुला माहीत आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काळजीचं काही नाही, उपाशीपोटी उन्हात गेले म्हणून झालं. पण किरणचा डॉक्टरांवर विश्वास नाही, पट्ट्यावर आहे. पट्टा बांधल्यापासून रोज सकाळी सात वाजता ह्यांचे ठोके एकशे चाळीस, आणि आठ वाजता बहात्तर. दोन्ही वेळा माणूस बसलेला, असंही पट्टाच म्हणतो. किरणने बजावलं की आठवडाभर असंच दिसलं तर म्हशी विकायच्या आणि आजीसकट तिघांनी त्याच्याकडे चौदाव्या मजल्यावर कायमचं राहायला यायचं. मोठ्या मायेनं म्हणाला हो, पण म्हणाला. त्या मजल्यावर तुळस ठेवायला जागा आहे म्हणे, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

माझा संशय आधी ह्यांच्यावरच गेला. (एकतीस वर्षांचा संसार आहे, सुरुवात तिथूनच करावी लागते.) सकाळी सातला हे माझ्या नजरेआड काय करतात? शेजारच्या कोंडाजीशी बांधावरून पुन्हा जुंपली असेल, की तंबाखू परत सुरू झाली असेल? कोंडाजी तर आठवडाभर लेकीकडे गेलेला. तंबाखूसाठी मी सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले, तर निघाली सुतळी. मग संशय पट्ट्यावर आला. किरण म्हणतो, यंत्र खोटं बोलत नाही. अरे, तराजूही खोटं बोलत नाही, तरी आपण वाण्याच्या बोटाकडे बघतोच ना?

मी एक वही घातली. डावीकडे ‘यंत्र’, उजवीकडे ‘माळ’. माळ म्हणजे माझी जपाची माळ, एकशे आठ मण्यांची. डाव्या हाताची बोटं ह्यांच्या नाडीवर, उजव्या हातात माळ, डोळे घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. एका ठोक्याला एक मणी. काटा फिरून जागेवर आला की थांबायचं आणि किती मणी सरकले ते मोजायचं. देवाची माळ माणसाला लावली म्हणून दोष नको, तेव्हा दर ठोक्याला नाव घेतलंच. तर हे म्हणतात, “ठोके माझे नि पुन्य तुझं. मंजी शेत माझं नि पीक तुझं असंच झालं की गं.”

आठ वाजता यंत्र बहात्तर, माळ बहात्तर. ताळा जुळला. सात वाजता यंत्र एकशे चाळीस, माळ शहात्तर. आता सातला हे असतात कुठे? गोठ्यात, म्हशीच्या कासेखाली; हात गुंतलेले, म्हणून नाडी मी मानेवर धरली होती. मी म्हटलं, जरा हात थांबवा. थांबवले, तर आकडा घसरत शहात्तरवर. म्हटलं, आता काढा. धारा सुरू झाल्या आणि आकडा पुन्हा चढला. पट्टा आवळतो म्हणून हे तो कड्यासारखा सैल घालतात. तो हाताबरोबर हिंदकळतो आणि पिळण्याचे झटके हृदयाच्या नावावर मांडतो. हे म्हशीकडे बघत म्हणाले, “मंजी आठवडाभर पोरगा दूध बघून रडतोय.”

माझं तेवढ्यावर समाधान होईना. ताळा एका खात्यावर थोडाच होतो? म्हणून सासूबाईंच्या हाताला पट्टा बांधला. त्यांच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, ते तू पाहिलंयस. पट्ट्याचा हिरवा दिवा त्या गोंदणावर बराच वेळ लुकलुकला आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. माळ म्हणत होती अडुसष्ट. सासूबाईंनी रेघांचा अर्थ विचारला. काही सापडत नाही असं म्हणतोय, मी म्हटलं. तर म्हणाल्या, “मंग दिवसाचा च्या कोन पितंय? त्याला इचार जरा.” पट्टा दंडाला बांधल्यावर सत्तर आले. म्हणजे सासूबाई आहेत, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सिद्ध झाली.

वहीच्या पानाचा फोटो काढून मी किरणला पाठवला. धार काढताना पट्टा खुंटीला, एरवी मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट, असं आता ठरलंय. तीन दिवस आकडे सरळ आहेत. काल त्याचा फोन आला, म्हशी राहू देत म्हणाला. मी देवाला साखर ठेवली, आणि ह्यांनी ती चहात घातली.

सर्वांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुझी,
चिमा

ता. क. कुळथाच्या पिठीचा डबा रिकामा झाला असेल तर पोपटकडे दे. भरून येईल.

ता. क. दुसरा. गुरुवारी सकाळी घरच्या फोनवर फोन कर आणि ह्यांना सांग, कुरडया घालायच्या आहेत, चिमाला दोन दिवस पाठवा. देवीच्या ओटीचं निमित्त सांगू नको, खोटेपणात देवाचं नाव नको. खोपोलीत तुझे ते हृदयाचे डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे नंबर लावून ठेव. माझ्या नावाने लाव. ताळा पुरा करायचा म्हणून पट्टा शेवटी मी माझ्या हाताला बांधला होता, घट्ट, हाडाच्या वर, बांगड्या काढून, पाटावर स्वस्थ बसून. यंत्र म्हणालं एकशे अठरा. माळही एकशे अठरा म्हणाली, म्हणजे पुरी फिरून वर दहा मणी. आणि मधे मधे दोन ठोके एकदम येतात, मग एक येतच नाही, मी मणी धरून वाट बघत बसते. चार दिवस मांडलं. माझ्या एकटीच्या पानावर दोन्ही बाजू रोज जुळतात. किरणला कळलं तर म्हशी परवाच्या बाजारात जातील. आधी डॉक्टर काय म्हणतात ते मला एकटीला कळू दे. तू सोबत असलीस तर बरं.

ता. क. तिसरा. पहिल्या दिवशी तो माझा आकडा पुण्याला दिसलाच; पुढचे दिवस मी फोन बंद ठेवून पट्टा बांधला. किरणने लगेच फोन केला, आई, बाबांना काय होतंय? मी म्हटलं, अरे, धार काढतायत, पट्टा खुंटीला लावायचा राहिला. तो हसला आणि बरं म्हणाला. माझ्या पोटचं पोर, आणि एका वाक्यात विश्वास ठेवला त्याने. ताई, मला तेव्हापासून जेवण जात नाही.