दारावरचं पोळं

आई, नमस्कार. मी पंचवटीत मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. फोन तू स्पीकरवर ठेवतेस, म्हणून गावच्या गोरक्षच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी.

गांधीलमाशी तुला चावली म्हणालीस. मग व्हिडिओवर तुझे दोन्ही हात धडधाकट कसे? आणि वहिनी एक हात ओढणीआड का लपवत होती?

डंखावर विळा घासू नका, चुनाही नको. साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर तडक दवाखाना.

कुंभारीण माशी घर करते तिथे पाळणा हलतो, म्हणून तू पोळं काढू देत नाहीस. पण तिचं घर मातीचं असतं गं! आपल्या दारावरचं कागदासारखं आहे.

आणि डॉक्टरची सुई ‘बाईमाणसाला बाधते का’, हे तू फोनवर पुन्हा पुन्हा का विचारलंस? लोणच्याची बरणी इतक्यात कशी संपली? तिसरा महिना सरेपर्यंत घरातही बोलायचं नाही, हा तुझा नियम मला ठाऊक आहे. डॉक्टरला तरी सांगा.

दादाला म्हणावं, अंधार पडला की पोळं काढ. पोळ्याचं काम झालेलं दिसतंय.

तुझी, आणि बहुतेक कुणाची तरी आत्या,
सृष्टी