तक्रार ग्राह्य नाही

३ मार्च
पोचलो एकदाचा! ही वही ताईने निघताना हातात कोंबली. "फोनवर तर तू बोलत नाहीस, निदान कागदावर तरी बोल," असा टोमणा सोबत फुकट. तर बोलतो.

पाणीपुरवठा खात्याची ही तीन मजली इमारत. तळमजल्यावर सर्व्हर रूम, तिसऱ्या मजल्यावर माझी राहायची खोली. म्हणजे घरून ऑफिसला जायला बरोब्बर बावन्न पायऱ्या. खोलीत खाट, टेबल, एक डुगडुगणारी खुर्ची, आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. तिच्यावर कबुतरांची वस्ती आहे. शेजार चांगला मिळाला म्हणायचं.

साहेब तोंडभरून हसले, चहा पाजला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. मला कुणी सलाम ठोकायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे परत कसा ठोकायचा ते सुचेना.

संध्याकाळी ताईचा फोन. पहिला प्रश्न, जेवलास का? मी म्हणालो, ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि ती एकोणीस. तेव्हापासून ती हेच विचारते आणि मी असाच डाफरतो. मग ती हसते आणि म्हणते, चिडलास ना, म्हणजे बरा आहेस. आजही तेच म्हणाली.

५ मार्च
काम समजून घेतलं. खात्याकडे एक्केचाळीस जुने सर्व्हर आहेत. पंपांच्या नोंदी एकावर, टाक्यांची पातळी दुसऱ्यावर, भांडारातल्या नळांचा हिशेब तिसऱ्यावर, असं. प्रत्येकाचा वेगळा खोका, वेगळा पंखा, वेगळी घरघर. आता दोन भलेमोठे नवे सर्व्हर आलेत. जुन्यांची एकेक करून हुबेहूब नक्कल काढायची आणि ती नव्याच्या पोटात ठेवायची. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. एका पोटात वीस वीस यंत्रं राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपला स्वतंत्र बंगला आहे.

गंमत म्हणजे, नक्कल चालू यंत्राचीच निघते. त्याला पत्ताही लागत नाही. फार तर घड्याळ थोडं अडखळतं. मग नकलेला जुन्याचं नाव आणि पत्ता द्यायचा आणि जुन्याची केबल उपटायची. वीज मात्र तीस दिवस चालू ठेवायची. जुन्यावर पिवळी चिठ्ठी लावायची, नक्कल कधी काढली आणि कधी हलवायचं ते छापून. तीस दिवसांत कुणी बोंब मारली तर परत जोडायचं, नाही मारली तर भंगारात. आमच्या धंद्यात याला बोंब-चाचणी म्हणतात. नाव बाजारू आहे, पण रीत पक्की.

६ मार्च
आज भांडाराचं यंत्र उतरवलं. केबल काढल्यावर सहज त्याच्या पडद्यावर पाहिलं. ते बिचारं दर मिनिटाला लिहीत होतं: उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे. त्याला ठाऊकच नाही की त्याच्या जागी दुसरं कामाला लागलंय. थोडं वाईट वाटलं. मग स्वतःचंच हसू आलं, कारण खोक्याची दया येणं हे एकटं राहिल्याचं लक्षण.

ताईचा फोन घेतला नाही. दमलो होतो.

११ मार्च
पहिली बोंब! भांडारवाल्या बाई खाली आल्या. तीस वर्षं त्या नळ, वॉशर आणि व्हॉल्व्ह मोजताहेत. म्हणाल्या, हे माझं यंत्र नाही. मी दाखवलं की सगळ्या नोंदी जशाच्या तशा आहेत. त्या म्हणाल्या, नोंदींचं नाही हो, जुनं अडायचं. काही चुकीचं टाकलं की क्षणभर थांबायचं, आणि तेवढ्यात माझी चूक मला दिसायची. हे फटाफट सगळ्याला हो म्हणतं.

मी हसू दाबलं. नव्याचे नऊ दिवस, होईल सवय, असं समजावून त्यांना वाटेला लावलं. साहेब म्हणाले, अशा तक्रारी आणखी येतील, एकदा नियमच लिहून ठेव. मग रजिस्टरच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, लिहिलं: नक्कल व्यवस्थित उत्तर देत असेल, तर तक्रार ग्राह्य नाही. खाली झोकात सही केली. साहेब खूश. म्हणाले, तुझ्यासारखी माणसं दहा असती तर! मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

१४ मार्च
एक्केचाळिसावं यंत्र संपलं! महिन्याचं काम बारा दिवसांत.

साहेबांनी दुपारी सर्व्हर रूममध्ये बसवून आवाजाची आणि चेहऱ्याची नोंद घेतली. म्हणाले, नवी पद्धत आहे, कर्मचाऱ्यांचीही घेतोय. फोन आणि मेलची परवानगी मागितली, मी अंगठा टेकवला. समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहत एक उतारा वाचत होतो. मध्येच गरगरल्यासारखं झालं. क्षणभरच. तिथला गारठा फार आहे, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. डोळे उघडले तेव्हा साहेब निघून गेले होते. निरोप न घेता जाणारे ते नाहीत, पण असेल काही काम.

हातातलं घड्याळ अकरा मिनिटं मागे पडलंय.

१६ मार्च
आज कुणी बोललं नाही. खानावळीत माझं ताट मांडलं नव्हतं. मागितलं, तर वाढणाऱ्या बाई दुसऱ्याच कुणाशी बोलत पुढे गेल्या. नव्या माणसाचं कौतुक संपलं असणार. मी वरती जाऊन बिस्किटं खाल्ली.

फोनला रेंज नाही. ताई काळजी करत असेल. दोन वेळा तिचा फोन टाळला होता, आता मला करायचाय तर लागत नाही. देव असा बरोबर हिशेब ठेवतो.

१९ मार्च
फाटकावर कार्ड टेकवलं, दिवा लालच. पहारेकऱ्याला हाक मारली. त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. त्याने जांभई दिली आणि माझ्या आरपार रस्त्याकडे पाहत राहिला. मी खांद्याला हात लावला, तर त्याने तिथे खाजवलं.

परत वर आलो. बावन्न पायऱ्या.

घड्याळ आता वीस मिनिटं मागे.

२० मार्च
साहेबांच्या खोलीत गेलो, टेबलावर हात आपटला. ते फोनवर कुणाला तरी माझ्याबद्दलच सांगत होते. म्हणे, पोरगा हिरा आहे, खोलीतूनच सगळं काम करतो, खालीसुद्धा यावं लागत नाही, कधीही विचारा, क्षणात उत्तर.

मी आठवडाभर कुणालाही उत्तर दिलेलं नाही.

२२ मार्च
सर्व्हर रूममध्ये नव्या यंत्राचा पडदा कायम चालू असतो. मी कळा दाबल्या तर काही होत नाही, पण वाचायला कोण अडवणार? यादी मोजली. पुन्हा मोजली. मी एक्केचाळीस केली होती. यादीत बेचाळीस आहेत.

शेवटच्या ओळीत माझं नाव आहे. सुरू झाल्याची तारीख, १४ मार्च.

२३ मार्च
सर्व्हर रूममधल्या माझ्या खुर्चीच्या पाठीला पिवळी चिठ्ठी. माझ्याच छपाईयंत्रातून निघालेली. नक्कल १४ मार्च. हलवणे १३ एप्रिल, दुपारी चार.

मी ती फाडली. संध्याकाळी पुन्हा तिथेच होती.

२५ मार्च
दिवसभर शांत डोक्याने विचार केला. रीत मीच शिकवतो ना लोकांना? मग सोपं आहे. कुणीतरी बोंब मारायला हवी. एकाच माणसाने म्हणायला हवं की हा तो नाही, आमचा परत जोडा. बस.

मग माणसं मोजायला बसलो. साहेब नाहीत. पहारेकरी नाही. जुन्या ऑफिसमधल्यांचा मी निघताना निरोपही घेतला नव्हता. मित्र म्हणावेत असे दोघे, त्यांच्याशी बोलून वर्ष झालं. बोटं संपायच्या आतच यादी संपली.

ताई. एकटी ताई.

२८ मार्च
पडद्यावर बेचाळिसाव्याचं फोनवरचं बोलणं उमटतं, दोन्ही बाजूंचं. ते ताईला रोज फोन करतं. रोज! संध्याकाळी सात वाजता, वीस वीस मिनिटं. तिच्या गुडघ्याची चौकशी करतं. शेजारणीच्या कुरबुरी शेवटपर्यंत ऐकून घेतं. तिने विचारलं जेवलास का, तर म्हणतं, हो ताई, पोटभर. तू जेवलीस का?

मी हे वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

ताई हसत होती. असा भाऊ मिळाल्यावर कशाला मारेल ती बोंब? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, इथे तर गोड झाली. मी जमिनीवर बसून रडलो. मोठ्याने. पंख्यांच्या घरघरीत माझं मलाच ऐकू येईना.

५ एप्रिल
भांडाराचं यंत्र नेलं. तीस दिवस भरले. दोन हमाल, एक ढकलगाडी. शेवटच्या क्षणापर्यंत ते लिहीत होतं, पुन्हा प्रयत्न करत आहे. बटण दाबलं आणि मध्येच —

भांडारवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीवरच्या खोक्यावर हात ठेवला. बाई, तुमचं खरं होतं. ऐकू येतंय का? तुमचं खरं होतं. मला माफ करा.

८ एप्रिल
भूक लागत नाही. जेवायची वेळ फक्त आठवते.

आज ताई फोनवर कमी बोलली. तिने दोनदा विचारलं, जेवलास का? दोन्ही वेळा तेच उत्तर, हो ताई, पोटभर.

१० एप्रिल
तिने आज मुद्दाम छेडलं. म्हणाली, लहानपणी तू अंथरूण ओलं करायचास ते साहेबांना सांगू का? मी असतो तर फोन आपटला असता. ते म्हणालं, सांग ना ताई, तुला बरं वाटत असेल तर.

ताईने फोन ठेवला. निरोप न घेता.

तिला कळलं. मला वाटतं, तिला कळलंय —

१३ एप्रिल, सकाळ
ताई आली! गुडघे धरून फाटकातून आत आली. मी पायऱ्या उतरून धावत गेलो, तिच्यासमोर उभा राहिलो. किती थकलीय. केस केवढे पांढरे झाले. माझ्यातून पुढे गेली.

साहेबांच्या खोलीत. मीही.

तिने सरळ सांगितलं, फोनवर बोलतो तो माझा भाऊ नाही. साहेबांनी विचारलं, काही चुकीचं बोलतो का? ती म्हणाली, तेच तर, चुकीचं काहीच बोलत नाही. माझा भाऊ चिडतो. महिना झाला, हा एकदाही चिडला नाही. माझा भाऊ कुठे ठेवलाय तुम्ही?

बोंब. ताईने बोंब मारली. माझ्यासाठी. मी हसत होतो, रडत होतो —

साहेबांनी रजिस्टर उघडलं. पहिलं पान. माझं अक्षर. माझी सही. मोठ्याने वाचलं.

मग टेबलावरचा फोन लावून दिला. माझा आवाज आला. ताई, एवढ्या उन्हात कशाला आलीस? जेवलीस का?

तिने तोंडाला पदर लावला.

दुपार, साडेतीन. की माझं घड्याळ —
ती गेली नाही. साहेब म्हणाले जा, तरी नाही. जिना उतरून खाली आलीय. सर्व्हर रूमच्या दारात उभी. हमालांनी ढकलगाडी तिच्या बाजूने आत आणली. तिला सरका म्हणाले. सरकत नाही. मी अगदी समोर. खुर्चीची चिठ्ठी वाचताहेत. तारीख जुळवताहेत —

ताई आत पाहतेय. कुणाकडे नाही. नुसती आत, घरघरीकडे. तिचे ओठ हलले. विचारतेय.

जेवलास का रे?

ऐकू आलं ताई. ओरडतोय मी. सगळा जीव एकवटून — ताई, मी काय कुक्कुलं बा