पाटावरची साडेआठ इंच जागा

२४ ऑगस्ट, रविवार

पिस्तुलाचा परवाना आला! फोटोत मीच चोरासारखा दिसतोय. असो.

आता निवड. घाई करायची नाही. मोटर रिवाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटरी उसवून शिकलो. हेही तसंच शिकेन.

मार्चमध्ये वस्तीवर चोर आले. दुसऱ्या दिवशी अनिता भावाकडं दौंडला गेली, ती तिथंच आहे. जाताना एवढंच म्हणाली, "इथं मला झोप लागायची न्हाई." बरोबर आहे तिचं. आम्ही दोघं, ते चौघं, मागं घोड नदी. कॅमेरे बसवले, दाराला आडणा बसवला, तरी आली नाही. पिस्तूल आलं की येईल.

२७ ऑगस्ट

गणपती एकट्यानं बसवला. मोदक विकतचे. आरतीला टाळ कोण वाजवणार — मोबाईलवर लावली.

३० ऑगस्ट, शनिवार

नऊ एमएम आपल्याला मिळत नाही, ते सरकारी माप. राहिले दोन. एक बत्तीस बोअरचं, छोटं, खिशात मावणारं. पुढारी कमरेला लावून लग्नात मिरवतात तसलं. दुसरं पंचेचाळीस बोअरचं, शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या घडणीचं. लांबी साडेआठ इंच. नळी पाच इंच. वजन रिकामं अकराशे ग्रॅम. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या.

आणि त्यातली खरी गंमत म्हणजे मुठीच्या पाठीला एक पट्टी असते. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप दबतच नाही! ज्यानं हे काढलं त्याला माणसाचा हात कळला होता.

जुनंच घ्यायचं. जवळजवळ नक्की.

७ सप्टेंबर, रविवार

दौंडला गेलो. फोटो छापून नेले होते, दोन्हीचे, मापांसकट.

हौसराव (अनिताचा भाऊ) म्हणाला, "दाजी, रिव्हॉल्व्हर घेताय म्हणं!" रिव्हॉल्व्हर नव्हे, पिस्तूल. रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचा फिरता गोल असतो, याला मुठीत सरळ मॅगझिन. दोनदा समजावलं. "व्हय व्हय, म्हंजी तेच की," म्हणाला आणि चहा ओतायला लागला. सोडून दिलं.

अनिता समोर बसून मटार सोलत होती. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज! नवीन फॅशन असेल. मी सगळं सांगितलं, मुठीच्या पट्टीचंसुद्धा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सगळी मापं पाठ हायेत तुम्हाला."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच चाललंय हे.

"माझ्यासाठी," म्हणाली. आणि टरफलं घेऊन आत गेली. परत बाहेर आली नाही. मी साडेचारच्या एसटीनं निघालो. फोटो तिथंच राहिले.

८ सप्टेंबर

बोलण्यात राग नव्हता. तेच खटकतंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याला दुकानात जाऊन आलो. मालक म्हातारे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांनी जुन्या घडणीचं काढून दिलं. हातात घेतल्याबरोबर आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढली, आत रिकामं आहे ते बोट घालून पाहिलं. आण्णा म्हणाले, "शिकून आलाय." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी असं म्हणालं नव्हतं.

मूठ हातात अशी बसली की काय सांगू! थंड, जड, सगळे सांधे मुके. यंत्र असावं तर असं.

आण्णांनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"आम्ही दोघं," म्हणालो. जवळजवळ खरं.

"मंडळींना आणा एकदा. चालवायचं तुम्हीच, पण घरात ठेवायचं कुठं, कसं, ते त्यांना ठाऊक पाहिजे. बायकोला न विचारता घेतलेलं पिस्तूल मी परत घेत नाही, सांगून ठेवतो." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या महिन्यापर्यंत बाजूला काढून ठेवतो म्हणाले.

१७ सप्टेंबर

अनिताला फोन केला. पुण्याला चल म्हणालो. "बघू," म्हणाली.

२३ सप्टेंबर

बघितलं नाही अजून.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर हत्यारं मांडली. पाने, पकडी, मायक्रोमीटर, कोयता. मधे पिस्तुलाची जागा सोडली — साडेआठ इंच, पट्टीनं मोजून. पूजा झाल्यावर ती जागा फार दिसायला लागली. दरवर्षी अनिता तिची विळी तिथंच ठेवायची. मी चेष्टा करायचो, हे काय हत्यार आहे? ती म्हणायची, "रोज चालतं ते हत्यार."

विळी शोधली. फडताळाच्या खाली होती, पात्याला गंज. पॉलिश पेपरनं घासली आणि ठेवली. हळदकुंकू वाहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला एकटा इमाम आला, शेजारच्या वस्तीवरचा. चोर आले तेव्हा पहिला धावत आलेला हाच. आपट्याची पानं हातात दिली, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भिमाजीभाऊ, वहिनींच्या हाताचं कसं हाय आता? माझा पंचा बांधला तवा पार भिजला होता. पाटल्या वढून काढल्या त्या भाड्यांनी."

"बरा आहे," म्हणालो.

त्यानं चहा घेतला. कांद्याचं बोलला. गेला.

त्यानं पंचा बांधला तेव्हा मी आत होतो. काय काय गेलं ते बघत होतो. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर सगळा वेळ चौकीत, पंचनाम्यात. कुलपाची कंपनी, दाराची जाडी, पत्र्याच्या पेटीची मापं — सगळं बिनचूक सांगितलं. हवालदार म्हणाला होता, असा फिर्यादी पाहिला नाही.

इमामला विचारता आलं नाही, कुठला हात.

४ ऑक्टोबर

आण्णांना फोन केला. ते दुसऱ्या कुणाला द्या म्हणालो. "मंडळी नको म्हणाल्या?" नाही, म्हणालो. मी विचारलंच नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

डावा. कोपरापासून मनगटापर्यंत. तिनं स्वतःच बाही वर केली, मी विचारल्यावर. टाके किती ते मोजले नाहीत.

दौंडला जाताना विळी बरोबर नेली होती. तिनं पात्यावरून बोट फिरवलं. "गंज काढला व्हय," म्हणाली. येते म्हणाली नाही. पण एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली — आणि गाडी सुटेपर्यंत थांबली.