ह्यांनी भरलेला फॉर्म

मंगळवार, संध्याकाळ

मूल राहण्याच्या उपचाराची तिसरी खेपही वाया गेली, म्हणून आज संभाजीनगरला पुन्हा तपासणी. तपासणी उरकून साडी सावरत बाहेर आले तर हे चहा पीत फॉर्म भरत बसलेले. वर छापलेलं, 'रुग्णाचं मत आमच्यासाठी मोलाचं.' रुग्ण कोण? मी. फॉर्म कुणाला दिला? ह्यांना! रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, "सरांनी भरला की लवकर होईन."

प्रत्येक प्रश्नापुढं ह्यांनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केलेली. 'तपासणीच्या वेळी तुमचा संकोच जपला का?' हसरा चेहरा. वा! आत पडदा अर्धा उघडा, पायाशी दोन शिकाऊ डॉक्टर, आणि हे बाहेर चहा पीत होते. ह्यांचा कसला संकोच? चहात माशी पडली असती तर मात्र ह्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता.

आणि डॉक्टर आता हेच हसरे चेहरे मोजून 'इतके रुग्ण समाधानी' म्हणून भिंतीला लावणार. लावा.

परतताना सिल्लोडच्या गाडीत बसलो. फुलंब्री आलं तसं मला राहवेना.

"अहो, 'पुढचा उपचार ठरवताना तुमची इच्छा विचारली का?' तिथंही हसरा चेहरा? मला कुणी विचारलं?"

ह्यांना खरंच कळेना मी का चिडले.

"विचारलं की. तू आत होतीस तेव्हा. मी व्हय म्हणलो ना."

म्हणजे चौथी खेप ठरली. पुन्हा रोज पोटात सुया. कुणाच्या पोटात, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.