फाळक्याची वाटणी

भिलाई, सेक्टर ६
ता. ४ जानेवारी २०२४

चि. कृष्णराव भाऊजींले सत्यभामा वहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

फोनवर माझा आवाज आला का तुम्ही कट करता, म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. पत्र कट होत नाही. फाडाल, पण आधी वाचाल. मी ओळखते तुमाले.

आनंदाची गोष्ट पयले. माझ्या नातीचं, नूतनचं, लगन ठरलं. पोट्टा दुर्गचा, रेल्वेत आहे. उंची बेताची, पण हसते छान. पोट्टी म्हणते, आजी, सासरी जाईन तं आजोबाच्या स्टेशन वॅगनमधीच, भाड्याच्या गाडीत पाय ठेवत नाही. मले एवढा आनंद झाला का गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता तुमची करणी. परवा कौस्तुभ नावाचा एक पोट्टा रायपूरहून आला, जुन्या गाड्यांचा शौकीन. तुम्हीच धाडला ना? पत्त्याचा कागद तुमच्या अक्षरातला होता. मी चहा-चिवडा दिला. गाडीभोवती असा फिरून राहिला होता जशी महादेवाले प्रदक्षिणा. मग मागची ताडपत्री उचलून विचारते, आजी, याचा फाळका कुठी गेला? मी सांगतलं, सासरे वारले तवा गाडी थोरल्याकडे राहिली. मंग धाकट्यानं रागानं मागचं खाली पडणारं दार खोललं अन् हाच माझा हिस्सा म्हणून नागपूरले नेलं. बिचाऱ्याचा हसता हसता चहा सांडला.

तुमच्या भिंतीले फाळका टांगलेला अन् आमच्या गाडीत पाऊस. लगन फेब्रुवारीच्या अकराले आहे. फाळका पाठवा. लोभ आहे का नाही, ते फाळका आला का समजेल.

तुमची वहिनी


नागपूर
ता. १२ जानेवारी २०२४

ती. गं. भा. वहिनींस कृष्णरावचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. नूतनला आशीर्वाद. दार मिळणार नाही.

तुमच्या दारात काय उभे आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. साध्या मोटारी लोकांनी जपल्या, रविवारी पुसल्या. स्टेशन वॅगन कोणी जपली नाही. तिच्यातून दुधाचे कॅन गेले, आजारी माणसे गेली, प्रेतेसुद्धा गेली. राबून राबून साऱ्या भंगारात संपल्या. म्हणून आज आमच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एखादी वाचलेली वॅगन आली की माणसे भारी भारी मोटारी सोडून तिच्याकडे धावतात. ते लांब छत, ती मागची ऐसपैस जागा! आणि तुम्ही तिच्यात कांदे वाळवता. कौस्तुभने फोटो दाखवला, मला घास गिळवला नाही.

दादा होता तोवर गप्प बसलो. आता गाडी नागपूरला पाठवा. छपराखाली ठेवीन, दार मी स्वतः बसवीन. दार मात्र भिलाईला येणार नाही. नातीसाठी भाड्याच्या गाड्या पुष्कळ मिळतात.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये ही विनंती.

कृष्णराव


भिलाई
ता. १८ जानेवारी २०२४

चि. कृष्णराव यांस अ. उ. आ. वयानं मोठी आहे, आशीर्वाद द्यावाच लागते.

तुमचं पत्र शेजारच्या गिरजाबाईले वाचून दाखवलं. दोघी पोट धरून हसलो. ते गं. भा. एवढं ठळक कावून लिहिता? नवरा माझा गेला, मले माहीत आहे.

राबल्या म्हणून मेल्या म्हणता? आमची राबली म्हणून जगली. तुमच्या अन्नपूर्णाले कळा सुटल्या तवा तुम्ही घरभर चप्पल शोधून राहिले होते. यांनीच तिले गाडीत मागं गादी टाकून सेक्टर नऊच्या दवाखान्यात नेलं. नाही तं तुमचा सुजय रस्त्यातच झाला असता. अन् मैत्री बाग विसरले? तिथं गेलो का फाळका खाली पाडायचा अन् त्याच्यावर मी ताटं मांडायची. सगळ्यात आधी कोण उभं? तुम्ही. वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली, तवा हिस्सा नाही आठवला. फाळका गेला अन् आमचं मैत्री बागेत जाणंही गेलं.

राहू द्या आता. पावर हाउस बाजारातला गुड्डू वेल्डर माप घेऊन गेला. येत्या आठवड्यात जुन्या बिजागऱ्या कापते, पत्र्याचा नवा फाळका बनवते अन् वेल्डिंग मारून पक्का करते. भिलाईत राहून आमाले लोखंडाचा दुष्काळ? रंगही आणून ठेवला, खिडक्यांले लावतात तो हिरवा. तुमच्या फाळक्यावर तुम्ही कपड्याले इस्त्री करा.

लोभ धाडू नका. क्वार्टर लहान आहे, ठेवायले जागा नाही.

सत्यभामा


नागपूर
ता. २२ जानेवारी २०२४

ती. वहिनींस सा. न.

बिजागऱ्यांना हात लावू देऊ नका! फोन केला तर तुम्ही कट केला, म्हणून हे कुरिअरने. त्या कापल्या की ती वॅगन राहत नाही, पत्र्याची पेटी होते. तशा बिजागऱ्या आता कुठेही मिळत नाहीत. आणि हिरवा रंग! दादाने काय म्हटले असते?

दार घेऊन दहा तारखेला येतो. अटी ऐका. स्क्रू मीच पिळीन. लग्न आटोपले की दार खोलून परत नेईन. उतरेन लॉजवर. तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही, तुमच्या घरचे पाणीही पिणार नाही.

त्या वेल्डरला आवरा.

कृष्णराव


भिलाई
ता. १४ फेब्रुवारी २०२४

चि. कृष्णराव भाऊजींले वहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

नूतन सुखात आहे. सासू म्हणे गाडीच पाहत राहिली, सून नंतर पाहिली! तुमचा कौस्तुभ फोटो काढता काढता मांडवाच्या खांबाले धडकला.

तुम्ही फाळका आणला तो अन्नपूर्णाच्या गोधडीत गुंडाळून, जसं दवाखान्यातून पोर आणावं. माझ्यासंग एक शब्द बोलले नाही. पान्हा पाहिजे होता तं नूतनले म्हटलं, तुझ्या आजीले विचार. नवरी मेंदीच्या हातानं पान्हे शोधून राहिली होती!

अन् दुर्गहून गाडी परत आली तवाची गोष्ट. ताट धाडलं, तं तुम्ही वापस केलं. मले वाटलं, उपाशी जाते आता हा माणूस. मंग खिडकीतून पाहते तं काय, फाळका खाली पाडला, तेच ताट गिरजाबाईकडून घेऊन त्याच्यावर ठेवलं अन् उभ्यानं जेवून राहिले. वांग्याची भाजी दोनदा मागवली. गिरजाबाईले वर सांगतलं म्हणे, वहिनीच्या घरी नाही, मी माझ्या हिश्श्यावर जेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही गेले. मी धावत गाडीपाशी आले. फाळका जागेवर! बिजागऱ्या तेल लावून चकाचक. फक्त फाळक्याची मूठ गायब, तिथं दोन भोकं. म्हणजे पुन्हा वाटणी करून गेले! आता तो उघडत नाही अन् माझं कांदे वाळवणं अडकलं.

एक सांगायचं राहिलं. गुड्डू संक्रांतीपासून त्याच्या गावाले होता, कालच आला. माप-बिप कोणी घेतलं नाही. हिरवा रंग खिडकीचाच होता, खिडकीले लावला.

होळीनंतर नूतन अन् जावई येणार, मैत्री बागेत जायचं म्हणतात. मूठ घेऊन या. अन्नपूर्णालेही आणा. घरात मी बोलवत नाही, तुम्ही येणारही नाही. जेवण तुमच्या हिश्श्यावर वाढते.

लोभाचं नंतर पाहू, भाजी थंडी होते.

तुमची वहिनी
सत्यभामा